आपली बॉनी अ‍ॅन

अस्लम, रविवारी ये म्हणालास आणि गुरुवारीच निघून गेलास. ही काय पद्धत झाली? माणसाला घरी बोलवायचं, "फोनवर नाय सांगत, समोर बस मग सांगतो" म्हणून जीव टांगणीला लावायचा, आणि आपण खुशाल चालू लागायचं. हार्ट अटॅक काय, कोणालाही येतो. पण तीन दिवस थांबून आला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तुला माती दिली. लोक म्हणत होते, विनायकरावांना धक्का बसलाय, तोंडातून शब्द फुटत नाहीये. धक्का कसला डोंबलाचा! मी आतल्या आत तुझ्याशी भांडत होतो. मूठभर माती टाकतानासुद्धा डोक्यात तेच, अरे मेल्या, सांगून तरी जायचंस. बाजूला तुझा सोहेल हुंदके देत होता आणि मी आपला चरफडत उभा. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर मला वेड्यात काढतील. म्हणून तुलाच सांगतोय.

परत येताना सोहेलनंच विचारलं, "काका, अब्बा नि तुमी एवढं भांडायचात ते नक्की कशावरनं?" मी म्हटलं, इंग्लंडातल्या चार केसाळ बाप्यांच्या एका गाण्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवरनं. तो चालता चालता थांबला. "जल्मभर?" म्हणाला. जन्मभर रे बाबा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आपण. तुझे अब्बा बहारीनला होते, तिथंच आजारी पडले, तिथंच गेले आणि तिथंच त्यांना दफन केलं. इकडे रत्नागिरीत, राजिवड्याच्या घरी आली ती त्यांची पत्र्याची पेटी. तीत कपडे, एक घड्याळ, लहानसा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. कॅसेटवर त्यांच्या अक्षरात 'अस्लमसाठी, इंग्लिश'. तू पत्रावर पत्रं टाकून इंग्लिश गाणी मागत होतास ना त्यांच्याकडे, ती त्यांनी भरून ठेवली होती आणि पाठवायची राहून गेली होती. अख्खं गाव तेव्हा भजनं आणि कव्वाल्या ऐकत होतं. आपण दोघं माडीवर दार लावून त्या केसाळांना ऐकायचो आणि खाली तुझी अम्मी बायकांना सांगायची, पोरं अभ्यास करतायत.

त्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं म्हणजे आपलं गाणं. एक दीपगृह आहे, एक जहाज आहे, कोणीतरी खिडकीत वाट बघतंय. मग गिटार हळूहळू खाली जाते, पार बुडते, आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटतं तेव्हा, लांबून एक माणूस तीन शब्द बोलतो. त्याच्यापुढे खट्. मग नुसती खरखर.

ते शब्द पहिल्यांदा लावले ते मी, हे निदान आता तरी कबूल कर. आठवडाभर मागं-पुढं करून ऐकले, कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन डिक्शनरी काढली. बॉनी म्हणजे त्यांच्याकडे स्कॉटलंडात गोड, देखणी. अ‍ॅन हे बाईचं नाव. 'बॉनी अ‍ॅन, रे.' आलं लक्षात? खिडकीतली बाई ती अ‍ॅन, आणि रे म्हणजे किरण, दीपगृहाचा उजेड. गाण्याचा सगळा अर्थ त्या एका ओळीत, प्रेमाचं गाणं! धावत तुझ्याकडे आलो. तू कॅसेट ऐकलीस, मान हलवलीस आणि म्हणालास, "रे हे त्या मानसाचा नाव हाय. जो परत नाय आला त्याचा." बोंबला. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच.

तुला प्रत्येक गाण्यात समुद्रच कसा दिसायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जगातले शहाणे लोक सांगतात की अमुक गाण्यातली काळ्या कपड्यातली बाई म्हणजे मृत्यू. तू म्हणणार, "डांबर फासलेली होडी हाय ती." गिटारचा तो लांबलचक तुकडा, ज्याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, तो तुझ्या मते मधल्या दर्यात बंद पडलेलं इंजिन. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. तुझा बर्फाचा कारखाना, तुझी गिऱ्हाईकं खलाशी, तुझ्या डोक्यात बंदर, म्हणून काय लंडनच्या माणसानं पण बंदरावरच गाणं लिहायचं? आणि तू शांतपणे विचारायचास, "विन्या, इंग्लंडला चारी बाजूंनी काय हाय?" या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. त्या काळात मुंबईची लाइन लागली की नुसती घरघर, त्यातून माणूस काय बोलतोय ते ओळखायची मला सवय. हाच तर माझा मुद्दा असायचा. तुला सांगायचो, अरे, या कानांनी मी गुहागरचा माणूस वादळात काय बोलला ते ओळखलंय, मला तू शब्द शिकवतोस? मांडवीच्या जेट्टीवर रविवारी संध्याकाळी आपण हे बोलायचो तेव्हा आजूबाजूला भेळ खाणारी माणसं उठून लांब जाऊन बसायची. आपल्या दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, माझे केस गेले, तुझे गुडघे गेले, पण अ‍ॅन काही गेली नाही.

मग सीडी आली. तू मुंबईहून ती हौसेनं घेऊन आलास, आपण लावली, आणि गाणं संपलं. नुसतंच संपलं. ना अ‍ॅन, ना रे, ना खट्. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझंही झालं असेल. मी म्हटलं, कंपनीनं नंतर कापलं असणार. तू म्हणालास, अब्बांनी भरलेली ती पहिली, अस्सल आवृत्ती, गल्फमध्येच तेवढी आली असणार. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा आपलं एकमत झालं, आणि तेही कशावर, तर या खुळचटपणावर.

बाहेरचा आवाज असेल अशी शंका सुद्धा आली नाही आपल्याला. कशी येईल? तुझा तो डबल डेक, दोन कॅसेटींचा टेप! "अब्बांकडं डबल डेक होता, वायरीनं भरलीय कॅसेट, खोलीत कोन बॉम्ब फोडला तरी आत येनार नाय." कॉलेजभर तू हेच सांगत फिरलास. मी विश्वास ठेवला. टेलिफोन खात्यातला माणूस मी, वायरीचं नाव काढलं की गप्प बसायचो.

आणि पुढे ते इंटरनेटवरचं मंडळ. सोहेलनं आपल्याला त्या केसाळांच्या चाहत्यांच्या पानावर नेऊन बसवलं ती त्याची मोठी चूक. जगभरातली आपल्यासारखी रिकामटेकडी माणसं तिथं एकेका ओळीचा कीस पाडत बसलेली. मी आपली अ‍ॅन लिहून टाकली. काय गहजब झाला! एक म्हणतो अशी ओळच नाही, दुसरा म्हणतो आहे, माझ्या चुलत्यानं ऐकलीय. कोणी ब्राझीलची बाई अ‍ॅनच्या दुःखावर दीड पान लिहून मोकळी झाली. 'रत्नागिरी आवृत्ती' असं नावच पडलं तिला, आठवतं ना? मँचेस्टरचे ते निवृत्त पोस्टमन, त्यांनी लिहिलं होतं की लग्नाआधी ते आणि त्यांची बायको चिखलात उभं राहून हे गाणं समोरासमोर ऐकून आले होते. तेव्हा अ‍ॅन नव्हती, पण पाऊस फार होता, कदाचित ऐकू आली नसेल. बायको गेल्यापासून ते रोज एकदा हे गाणं लावतात. ते तू मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलंस. मग म्हणालास, "बघ, परत न आलेल्या मानसाचंच गानं हाय." मी म्हटलं, झालं तुझं सुरू.

मी तुला चिडवायचो की तू बापाला धरून बसलायस. खरं तर ते चिडवणं नव्हतं, मला वाईट वाटायचं. तुमच्या घरात अब्बांचा फोटो होता, घड्याळ होतं, फक्त आवाज नव्हता. आवाज येऊन येऊन गेला होता. तेव्हा राजिवड्यात सगळ्यांकडे तसंच चालायचं. बहारीनहून नवरा कॅसेटवर बोलून पाठवायचा, घरातले ऐकायचे, रडायचे, आणि मग त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून तीच परत पाठवायचे. त्याच्यावर ह्यांचं, ह्यांच्यावर पुन्हा त्याचं. एकच कॅसेट गल्फ आणि रत्नागिरी करत राहायची. ते गेले तेव्हा ती तुमच्या घरी होती आणि तिच्यावर तुझ्या अम्मीचा आवाज होता, भात कापणीचं आणि तुझ्या मार्कांचं सांगणारा. एकदा जेट्टीवर तू म्हणाला होतास, "विन्या, मला अब्बा बोलायचे कसे ते आठवत नाय रे." मी भजी आणली.

आता बुधवारचं बोलू. संध्याकाळी तुझा फोन. "विन्या, तुझी अ‍ॅन गेली." मी म्हटलं, गेली म्हणजे? तर म्हणे, "गेली म्हंजे गेली. कधी नव्हतीच ती. रविवारी ये, सांगतो. फोनवर नाय." तू हसत होतास की रडत होतास तेही मला कळलं नाही. आयुष्यभर फोनच्या लाइनी ऐकलेला माणूस मी, मला ते ओळखता आलं नाही याचीच आता जास्त चीड येते. मी म्हटलं, पुरावा असेल तर आत्ता बोल, नाहीतर गप्प बस. "रविवारी," म्हणालास आणि ठेवलास. मी रात्री जेवताना हिला म्हटलं, अस्लम्याचं काहीतरी नवीन खूळ दिसतंय.

तो रविवार आला. तू नव्हतास, तरी मी आलो. म्हटलं, बोलावणं तर होतं ना मला. घरात अजून माणसं येऊन जाऊन होती. तुझ्या आरामखुर्चीत कोणी बसत नव्हतं, मीही बाजूची खुर्ची घेतली. भाभी आल्या, समोर टेकल्या. पांढऱ्या ओढणीत मला त्या ओळखूच येईनात. भर दुपारी चालत आलो होतो, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आतल्या दाराकडे मान वळवून हाक मारली,

"सोहेल, पानी आन रे."

अस्लम, मी खुर्चीवरून उठलोच.

पानी आन रे. पानी आन रे! जन्मापासून हे ऐकतोय मी. तुमच्या घरी, बंदरावर, आमच्या घरी कामाला येणाऱ्या माणसांच्या तोंडी, दिवसातून दहादा. 'ण' चा 'न' करून, शेवटचा 'रे' थोडा लांबवून. हे तीन शब्द रत्नागिरीतलं शेंबडं पोर ओळखेल. आणि आपण दोघं, एक टेलिफोनवाला आणि एक बर्फवाला, डिक्शनरी घेऊन स्कॉटलंडात हिंडत होतो! कारण काय, तर गाणं इंग्लिश. इंग्लिश गाण्यात मराठी कोण ऐकणार? कान आपले, पण त्या गाण्याला बसलो की ते आपण इंग्लंडला गहाण टाकायचो.

भाभी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "विनूभाई, सोमवारी त्यांचं पन तोंड असंच झालेलं. मी सोहेलला हाक मारली नि ते असेच उठून उभे ऱ्हायले. मला म्हनाले, परत बोल. मी म्हटलं, काय? तर म्हने, तेच, परत बोल. चार वेळा बोलायला लावलान मला. वाटलं, डोकं फिरलं मानसाचं."

दुसऱ्या दिवशी तू कॅसेट आणि अब्बांचा जुना टेप घेऊन दाभोळला गेलास. धोपाव्याच्या फेरीबोटीत बसून, दुखऱ्या गुडघ्यांनी, तुझ्या फुफीकडे, अब्बांच्या बहिणीकडे. तुझ्या अब्बांचा आवाज ओळखेल असं आता तेवढं एकच माणूस राहिलंय जगात. मला सोबत नेलं असतंस तर! पण नाही, साहेबांना आधी खात्री करून घ्यायची होती. इतकी वर्षं खात्री न करता भांडलास, आणि नेमका त्या दिवशी तुला शहाणपणा सुचला.

भाभींनी सगळं सांगितलं. फुफीला आता नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. गाणं सुरू झालं तेव्हा ती कंटाळली, म्हणाली, हा काय आरडाओरडा लावलायस. तू म्हणालास, थांब जरा. शेवट आला. तिनं मान टेपकडे वळवली. मग म्हणाली, "भाईला तहान लागलीय." बस, एवढंच. कोण बोलतंय हे तिला विचारावंही लागलं नाही.

आणि डबल डेक? फुफी हसली म्हणे. कसला डबल डेक नि कसलं काय! भाई शेवटच्या रजेवर आला होता तेव्हा तिला सांगत होता, एक कॅसेट अर्धी भरून झालीय. खोलीतल्या मित्राचा टेप आणि ह्यांचा टेप समोरासमोर ठेवायचे, वर चादर टाकायची, आणि गाणं संपेपर्यंत खोलीतल्या सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची. पोराला इंग्लिश गाणी हवीत म्हणून सहा बाप्ये त्या उकाड्यात पंखा बंद करून मुके बसायचे. पंख्याचा आवाज येतो ना टेपमध्ये. आणि शेवटची ती नुसत्या टेपची खरखर आपल्याला त्या केसाळांची कलाकारी वाटायची. मी तिच्यावर मंडळात लिहिलं पण होतं, विश्वाची पोकळी का काय ते. मेलो मी लाजेनं.

तर गाणं संपत आलं, गिटार बुडाली, आणि तुझ्या अब्बांना राहवलं नाही. घसा सुकला असणार. चादरीखालचा टेप बंद करायच्या आधीच त्यांनी कोणाला तरी सांगितलं. मग खट्. त्या खट्वर आपण भाट्याच्या पुलावर काय भांडलो होतो! तू म्हणायचास खिडकी मिटली, मी म्हणायचो दार.

सोहेलनं पाणी आणलं. मी पेला हातात घेतला आणि म्हटलं, कॅसेट लाव रे. टेप तिथंच होता, तुझ्या उशाशी. आम्ही तिघांनी ऐकलं. मी मुद्दाम, अगदी हट्टानं, अ‍ॅन ऐकायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांची ओळख होती आमची, वाटलं, एकदा तरी शेवटची भेटेल. नाही आली. स्वच्छ, सरळ, राजिवड्याचा माणूस बोलला. तुझ्यासारखाच आवाज आहे रे त्यांचा. तोच नाकातला, तोच 'रे' ओढायचा. फोनवर तू मला "काय रे" म्हणायचास ना, तसाच. म्हणजे आवाज जन्मभर तुझ्याच गळ्यात होता आणि तू मला विचारत होतास, अब्बा कसे बोलायचे.

सोहेलनं आपल्या आजोबांना पहिल्यांदा ऐकलं. त्यानं परत लावलं, मग परत. भाभी उठून आत गेल्या.

राग आहेच माझा, जायचा नाही इतक्यात. हे तू मला सांगायला हवं होतंस, तुझ्या तोंडानं, त्या खुर्चीत बसून, आधी अर्धा तास मला छळून. मी म्हटलं असतं, अरे मग गाणं प्रेमाचंच ठरलं ना, मीच जिंकलो. तू म्हणाला असतास, परत न आलेल्या मानसाचं ठरलं, मी जिंकलो. चहा झाला असता, पुन्हा भांडण झालं असतं. एका रविवारचा तर प्रश्न होता. आता मी एकटा दोन्ही बाजूंनी भांडतोय आणि मजा येत नाहीये.

मँचेस्टरच्या पोस्टमननी लिहिलंय. तू गेल्याचं सोहेलनं तिथं कळवलं होतं. ते म्हणतात, आज मी गाणं तुमच्या मित्रासाठी लावलं, आणि शेवटी मला अ‍ॅन ऐकू आल्यासारखी वाटली. आता त्यांना काय सांगू, तूच सांग. तिकडची अ‍ॅन त्यांची त्यांना राहू दे म्हणतो. त्यांनाही कोणीतरी हवंय.

पण इकडे, अस्लम, आपल्या माडीवर, आपल्या कानांशी तो माणूस इतकी वर्षं पाणी मागत होता रे. दर रविवारी मागत होता, आपल्याच बोलीत मागत होता. आणि आपण दोघं शहाणे त्याचा अर्थ लावत बसलो.